वाघिणीचा नंबर

"माझी मुलगी कुस्ती करते ते मला मुळीच आवडत नाही," शैला दातार म्हणाल्या. "एकदाही बघायला गेलेली नाही. पण ती चोर नाही. हे सिद्ध करा, बाकी काही नको."

शनिवारची दुपार. लंडनमधल्या वेम्बलीत ईलिंग रोडवर, साड्यांच्या दुकानाच्या वर शर्ली पेणकरचं दोन खोल्यांचं डिटेक्टिव्ह ऑफिस आहे. शर्लीचे आजी-आजोबा अलिबागकडचे बेने इस्राएल ज्यू. तिचं मराठी आजीकडून आलेलं, त्यामुळे ऐकायला गोड आणि चिरायला धारदार. समोरच्या खुर्चीत तिचे साथीदार डॉ. कुशल राजवाडे. पिनरला राहणारे, भूल देण्याच्या कामातून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांना भूल दिली, आता तपासात स्वतःला पडते, असं शर्ली त्यांच्या तोंडावर म्हणते. ते रागावत नाहीत, कारण खरं आहे.

शैलाबाई त्यांच्याच हॉस्पिटलमधल्या जुन्या सिस्टर. डॉक्टरांनीच त्यांना इथे आणलं होतं.

"नीट सांगा, सिस्टर," डॉक्टर म्हणाले.

हकिकत अशी होती. वरदा दातार 'आयर्न क्राउन रेसलिंग' या कंपनीत 'वाघीण' या नावाने उतरते. कंपनीचे टीव्हीवर दोन कार्यक्रम. शुक्रवारचा 'फ्युरी' मोठा, रविवारचा 'स्टॉर्म' धाकटा; वरदा त्यातली. वर्षातून एकदा अदलाबदल होते: स्टॉर्मचे चौघं फ्युरीत, फ्युरीचे काही इकडे. कुस्तीतली हारजीत आधी ठरलेली असते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, पण कोण कुठे जाणार हे मात्र कोणालाच ठाऊक नसतं. सगळी गंमत तीच. आज संध्याकाळी सातला, इथेच वेम्बलीतल्या हॉलमध्ये, ही नावं लाइव्ह जाहीर होणार होती. आणि सकाळी अकरा वाजता इंटरनेटवरच्या एका निनावी पानाने अख्खी यादी फोडली.

"आळ वरदावर आला," शैलाबाई म्हणाल्या. "सातपर्यंत खरा माणूस सापडला नाही, तर कॉन्ट्रॅक्ट रद्द. सहा वर्षं राबली हो ती. स्वयंपाकघरातल्या माझ्या मराठी कॅलेंडरवर प्रत्येक मॅचच्या तारखेभोवती लाल गोल करते. मी ते गोल बघते आणि गप्प बसते." त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "आज मात्र गप्प बसवत नाही."

"तुम्ही हॉलवर येणार?" शर्लीने विचारलं.

"माझी सहापर्यंत ड्यूटी आहे. आणि मी तिथे पाय ठेवणार नाही, सांगितलं ना."

कंपनीचे मालक शशिधर काटकर हॉलमागच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते. कऱ्हाडच्या तालमीतला गडी, तरुणपणी हाउन्सलोला आला, विमानतळावर सामान उचललं आणि त्याच खांद्यांवर ही कंपनी उभी केली. सगळे त्यांना काका म्हणतात. टेबलावर चहाचे कप गार होत पडले होते.

"घ्या, चहा घ्या," ते म्हणाले. "चार सांगितले की आठ आणतो हा विहान. लिहून दिलं तरी आठ! वर म्हणतो, काका तुम्ही चहा फार पिता."

एका बशीखाली चिठ्ठी होती. शर्लीने ती ओढून वाचली, पुन्हा जागेवर ठेवली.

"यादी कुठे लिहिली होती?"

काकांनी खिशातून पोस्टकार्डाएवढं कार्ड काढलं. "कॉम्प्युटरवर ठेवतच नाही मी. ही एकच प्रत, माझ्या हातची. दहा वाजता ती टेबलावर विसरून रिंग बघायला गेलो. अर्ध्या तासात आलो. माझीच चूक."

कार्डावर टपोऱ्या इंग्लिश अक्षरांत चार नावं होती, लाल शाईत, म्हणजे फ्युरीकडे जाणारी. पुढे प्रत्येकाचा कार्यक्रमातला भाग: १, २, ३, ४. एक नंबरला वाघीण.

"पहिल्या चार भागांतच चौघं फोडायचे," काका म्हणाले. "पब्लिक बसतंय न बसतंय तोच दणका! वरदाला कार्यक्रमाची सुरुवातच द्यायची होती. तिला हे ठाऊक नाही. आणि तिनेच..." त्यांनी मान फिरवली. हा अवाढव्य माणूस रडवेला झाला होता.

शर्लीने फुटलेल्या यादीचा कागद शेजारी ठेवला. चौघांची नावं बरोबर होती. पण तिथे दोघं भाग दोन आणि तीनमध्ये, एक आठमध्ये आणि वाघीण नऊमध्ये.

"कार्यक्रमाचे भाग किती?"

"दहा."

"मग हे नंबर चुकलेत की."

"ते त्याने मुद्दाम उलटसुलट केले असणार. सापडू नये म्हणून."

"दोन आणि तीन सोडून?" शर्ली म्हणाली. काकांनी कार्ड पुन्हा खिशात घातलं, आणि डॉक्टरांना प्रश्नच कळला नाही.

खोलीबाहेरच्या बोळातल्या कॅमेऱ्यात त्या अर्ध्या तासात तिघंच आत जाताना दिसत होते, एकेकटे. वरदा, नकुल आणि विहान.

नकुल बेडेकर आधी आला. पुण्याहून तीन वर्षांपूर्वी आलेला, काकांच्या हाताखाली कथा लिहिणारा, चेहऱ्यावर कायम तक्रार.

"मी स्क्रिप्ट ठेवायला गेलो होतो. कार्ड पाहिलं का? पाहिलं. मी काही संत नाही. अदलाबदलीची माझी कल्पना काकांनी केराच्या टोपलीत टाकली, म्हणून मी चिडलोय, हेही लिहून घ्या. पण यादी फोडून मला काय मिळणार? मी लिहिलेलं बाकीचं तरी नीट व्हावं!"

"अक्षर कसं वाटलं काकांचं?"

"शाळामास्तरासारखं. का?"

"सहज."

दुसरा विहान सामंत. कंपनीची सोशल मीडियाची बाजू सांभाळणारा, हॅरोमध्ये वाढलेला, अठ्ठावीस वर्षांचा. बोलायला लागला की थांबायचं नाव नाही.

"शर्लीताई, जय महाराष्ट्र! आपण पक्के मराठी, काय! इथली पोरं मराठी विसरली, मी नाही विसरलो. हे बघा." त्याने बाही वर केली. दंडावर ठसठशीत देवनागरी अक्षरांत गोंदलं होतं: सक्ती.

डॉक्टरांना खोकला आला.

"वा," शर्ली गंभीरपणे म्हणाली. "कशासाठी गोंदवलंस?"

"शक्तीसाठी! स्ट्रेंग्थ! सोहोतल्या गोऱ्याने काढलं, मी फोनवरून फोटो दिला."

"छान. काकांच्या खोलीत कशाला गेला होतास?"

"फोटोसाठी काकांचा कोट आणायला. आणि वाईट वाटतं सांगायला, पण वरदा टेबलाशी एकटीच उभी होती. मी दारातून पाहिलं, ती गेल्यावर आत गेलो. मी कोणावर आरोप करत नाही हां. पण खरं ते खरं."

शेवटी वरदा आली. उंच, दणकट, डोळे रडून लाल.

"माझा आई तुम्हाला पाठवली?" तिने विचारलं.

"तुझ्या आईने पाठवलं," डॉक्टरांनी न राहवून सुधारलं.

"सॉरी. ती पण मला सारखी करेक्ट करते." ती क्षणभर हसली, लगेच तोंड पडलं. "मी काकांना डबा ठेवायला गेली. थालीपीठ. बिग डेला ते काही खात नाहीत, मग चक्कर येते. कार्ड दिसला मला, पण मी बघितला नाही. प्रॉमिस. सरप्राइज मला पण पाहिजे होता ना! सहा वर्षं मी वेट केली."

ती गेल्यावर डॉक्टरांनी उसासा टाकला. "पोरगी खरी वाटते. पण मराठीचे हाल बघ. त्या विहानचं मराठी कसं खणखणीत!"

"डॉक्टर," शर्ली म्हणाली, "तुम्ही आत्ता उत्तराच्या उंबऱ्यावर उभे राहिलात आणि तोंड फिरवून घरी गेलात." मग तिने काकांना तीन कार्डं दिली. "तिन्हींवर एकच लिहा. मी सांगते ते, तुमच्या नेहमीच्या अक्षरात. पोलिसांना लागेल असं काहीतरी त्या लॉकरमध्ये आहे, एवढंच त्या तिघांना सांगा."

हॉलच्या तळघरात शंभर लॉकरची लांबलचक रांग होती. लॉकरवर अर्थातच इंग्लिश आकडे. बरोबर पाच वाजता तिघांच्या हातात एकेक कार्ड पडलं.

"बोलायचं नाही," शर्लीने बजावलं. "कार्डावरच्या लॉकरसमोर जाऊन उभं राहायचं."

नकुलने कार्डावर नजर टाकली आणि नाक मुरडत चालू लागला. वरदा स्वतःच्या कार्डावर बोट ठेवून आकडा वाचत गेली आणि नकुल थांबला त्याच लॉकरसमोर थांबली. विहानने दोघांकडे पाहिलं, स्वतःच्या कार्डाकडे पाहिलं, खांदे उडवले आणि त्यांना ओलांडून पुढे गेला. पार टोकाशी जाऊन उभा राहिला.

"वरदा, तुझ्यासमोरचा नंबर?" शर्लीने विचारलं.

"फोर्टी-वन. एक... एक्केचाळीस?"

"शाबास. विहान, तुझ्यासमोरचा?"

"एटी-नाइन. जे लिहिलंय तेच."

"सगळ्यांच्या कार्डावर एकच लिहिलंय, बाळा."

डॉक्टरांनी वरदाच्या हातातलं कार्ड घेतलं. त्यावर काकांच्या ठसठशीत हाताने लिहिलं होतं: Locker ४१.

"अगं बाई!" डॉक्टर ओरडले. पुरुषाने असं ओरडू नये, पण ओरडले.

"काका," शर्ली म्हणाली, "तुम्ही नावं इंग्लिशमध्ये लिहिता, पण आकडे?"

काका स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. "आकडे... मराठीच की. कऱ्हाडच्या शाळेत गिरवलेले. पन्नास वर्षं झाली, माझ्या ध्यानातही येत नाही."

"आपला चार इंग्लिश आठासारखा दिसतो आणि आपला एक इंग्लिश नवासारखा. दोन आणि तीन मात्र दोन्हीकडे जवळपास सारखेच. म्हणून फुटलेल्या यादीत दोन आणि तीन जागच्या जागी राहिले, एकाचा नऊ झाला आणि चाराचा आठ. नंबर कोणी मुद्दाम उलटसुलट केले नव्हते. यादी फोडणाऱ्याने जे दिसलं ते मनापासून उतरवलं. म्हणजे तो मराठी आकडे वाचू न शकणारा माणूस. नकुल पुण्यात शिकला. वरदा बोलताना अडखळते, पण सहा वर्षं आईच्या मराठी कॅलेंडरवर तारखांना गोल करते. आकडे तिच्या डोळ्यांत बसलेत."

"पण मी मराठी आहे!" विहान म्हणाला. "तुमच्यापेक्षा जास्त बोलतो!"

"बोलतोस झकास. वाचतोस कुठे? काकांच्या चिठ्ठीवर '४ Tea' लिहिलं की तू आठ चहा आणतोस. आणि दंडावर जे गोंदवलंयस ना, ते शक्ती नाही. सक्ती आहे. म्हणजे बळजबरी."

विहानने दंडाकडे पाहिलं. मग घाईघाईने बाही खाली ओढली.

"विहानवर आळ यावा म्हणून एखाद्याने मुद्दाम चुकीचं लिहिलं असेल तर?" डॉक्टरांनी शंका काढली.

"तर त्याने ती चूक आधी सगळ्यांना दाखवली असती, डॉक्टर. दुसऱ्यावर ढकलण्यासाठी केलेली चूक कोणी झाकून ठेवत नाही. आणि हातच्या कांकणाला आरसा कशाला? विहान, फोन दे. त्या निनावी पानाचा मालक कोण ते त्यात दिसेलच."

काकांनी हात पुढे केला. विहानने फोन दिला नाही. तो लॉकरला टेकून खाली बसला.

"दोन वर्षं ते पान चालवतोय," तो म्हणाला. "इथे मला कोणी विचारत नाही. तिथे दोन लाख लोक माझी वाट बघतात. वरदाला आत जाताना पाहिलं होतं, म्हणून... तिचं नाव घेणं सोपं होतं."

"सोपं?" वरदा त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुझा बर्थडेला पण मी थालीपीठ आणली होती, विहान." तिने त्याला हातही लावला नाही. तो त्याच संध्याकाळी कंपनीतून गेला.

काकांनी वरदासमोर हात जोडले. "पोरी, चुकलो. जा, तयार हो. तुझा नंबर कितवा, ते आता तुला कळलंच आहे."

ती धावत सुटली.

"जिंकलो!" शर्लीने टाळीसाठी हात पुढे केला. "आणि मजा बघा काका, त्याच्या चुकीने तुमचं अर्धं गुपित वाचलं. अख्खं पब्लिक वाघिणीची नवव्या भागात वाट बघतंय!"

डॉक्टरांनी टाळीसाठी उचललेला हात तसाच खाली आणला. "नवव्या भागात," ते पुटपुटले आणि फोन काढला. "सिस्टर? पोरगी सुटली! हो, हो, अगदी शंभर टक्के. ... काय, येताय? खरंच येताय?"

पलीकडून शैलाबाईंचा रडका, हसरा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "येते, डॉक्टर. नेटवर नववा भाग लिहिलाय ना, म्हणजे घरी जाऊन साडी बदलून साडेआठला पोचते."

"सिस्टर, नववा नाही, पहिला! साडी राहू दे! जागच्या हलू नका, मी गाडी घेऊन येतोय."

एवढ्या वर्षांत डॉक्टर पहिल्यांदाच शर्लीच्या आधी दाराबाहेर पडले.

सातला दिवे गेले. आठ हजार माणसं अजून पॉपकॉर्न सांभाळत खुर्च्या शोधत होती, आणि भोंग्यातून आवाज आला: फ्युरीची पहिली निवड, वाघीण! क्षणभर कोणाला खरंच वाटेना. मग हॉल असा उसळला की शर्लीला कानांवर हात ठेवावे लागले. केशरी झगा घातलेली वरदा धावत रिंगमध्ये शिरली, दोरावर चढली आणि तिची नजर तिसऱ्या रांगेवर गेली.

तिथे निळ्या युनिफॉर्मवर कोट चढवलेल्या शैलाबाई धापा टाकत उभ्या होत्या. शेजारी डॉक्टर, टाय खांद्यावर उडालेला.

वरदाने माइक घेतला. शब्द फुटला तो मराठीत.

"ही वाघीण... माझा आईसाठी!"

आठ हजार लोकांत तिसऱ्या रांगेतून एक बाई, गालांवरून पाणी वाहत असताना, सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडली:

"माझ्या! माझ्या आईसाठी!"