निळी किनार

"आजींची साक्ष गेली," सरकारी वकील फोनवर म्हणाले. "स्कॅनचा रिपोर्ट आलाय. मेंदू अर्धा विझलाय म्हणे."

फौजदारबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. जिन्यावरून पडून आजींची मुलगी मेली, तेव्हा पाहणाऱ्या एकट्या आजीच. शेजारीण धावत आली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "त्यानं ढकललं माझ्या पोरीला." मग तोंडाला कुलूप.

त्या वेळी घरात पुरुष दोनच, जावई आणि आजींचा मुलगा. जावयाचं बायकोशी पटत नव्हतं, हे जगजाहीर. आपण खाली गाडी काढत होतो, हे त्याचं म्हणणं कोणी ऐकूनही घेतलं नाही. तो कोठडीत गेला, आणि त्याच्याच वकिलानं आजींचं डोकं तपासायची मागणी केली.

फौजदारबाई आजींच्या घरी गेल्या. दार मुलानं उघडलं. आईला तोच सांभाळत होता. आजी समोरच पलंगावर बसल्या होत्या.

"कालचं आज आठवत नाही तिला," तो म्हणाला. "मी स्कॅन विभागातच असतो. चित्रं तयार करायचं काम. आपल्याच आईचं करायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं."

"आजींचं मनगट काळंनिळं कशानं?"

"पडते अधूनमधून."

तो पाणी आणायला आत गेला.

"आजी, जावई कसे आहेत?"

"तापट आहेत. पण मला कधी उलटून बोलले नाहीत. माझ्या गोळ्यांच्या वेळा त्यांना पाठ आहेत."

"आणि मुलगा?"

"तो दमतो फार." आजींनी मनगट झाकून घेतलं.

विझलेला मेंदू असा बोलतो? फौजदारबाईंनी थेट स्कॅनचे डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं.

"आजींचा मेंदू कॉम्प्युटर त्यांच्याच वयाच्या निरोगी माणसांशी ताडून बघतो. काम कमी दिसेल तिथे निळा रंग."

निळा रंग मेंदूच्या कडेकडेनं चौफेर फिरला होता. किनार शिवावी तसा, दोन्ही बाजूंना सारखा.

"आजार असा मापात येतो?"

डॉक्टर पडद्याजवळ वाकले. "नाही. कुठे जास्त, कुठे कमी येतो. मी घाईत नुसता रंग पाहिला."

"हे चित्र मशीनच काढतं ना?"

"मशीन सिग्नल गोळा करतं. त्यातून चित्र बनवावं लागतं. गणित किती वेळा फिरवायचं, चित्र किती गुळगुळीत करायचं, ते माणूस ठरवतो."

"निरोगी माणसांची चित्रं याच मापानं केलीत?"

डॉक्टरांनी सेटिंग उघडलं. आजींच्या चित्राचं माप वेगळंच होतं. मूळ सिग्नल शाबूत होते. योग्य मापानं चित्र पुन्हा बनवलं, तेव्हा निळ्याचा मागमूस राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी फौजदारबाईंनी आई आणि मुलगा, दोघांना चौकीत बसवलं.

"चित्र फार गुळगुळीत केलं की मेंदूची पातळ कड फिकी पडते," त्या म्हणाल्या. "आजींना धुक्यात उभं केलंत, बाकीच्यांना उन्हात, आणि म्हणालात आजीच फिक्या."

"चूक झाली असेल," मुलगा म्हणाला. "फायदा कोणाचा झाला ते बघा. जावयाचाच ना?"

"मीही तिथेच अडले. पण आजी जावयाला 'ते' म्हणतात. सासू जावयाला रागातसुद्धा एकेरीवर आणत नाही. 'त्यानं ढकललं', यातला 'तो' कोण? आपलीच भाषा, आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. जावई आत गेला, तुमचं फावलं. पण कोर्टात आजींना कोणीतरी विचारलं असतं, 'तो म्हणजे कोण?' तो प्रश्नच यायला नको होता तुम्हाला. तुम्ही आईवर हात उचलता, हे बहिणीनं पाहिलं होतं. ती आईला घेऊन जायला आली होती, असं जावई सांगतात."

मुलगा आईकडे वळला.

"मला वेडी ठरवा," आजी म्हणाल्या. "एक लेकरू गेलं. दुसरं तरी राहू द्या."

"मग जावईबापू फुकट जन्माचे आत जातील, आजी."

मुलगा "आई" म्हणाला, पण आजींनी मान वळवली नाही.

"लिहून घ्या. माझ्या मुलानं ढकललं. मी वरच उभी होते." त्यांचा आवाज फाटला. "डोकं ठिकाणावर आहे माझं. नसतं तर बरं झालं असतं."