अकरावं प्रकरण

त्या वर्षी दहावीच्या मुलांना नावाडिणीची कादंबरी टोचली आणि शाळाशाळांतून एकच तक्रार आली: नावाडीण मरते कशी, ते कुणालाच आठवत नव्हतं.

‘टोचणं’ हा मुलांचा शब्द. शास्त्रीय नाव ‘वाचनरोपण’. एकजण पुस्तक वाचतो. वाचताना त्याच्या मेंदूत जे उमटतं ते टिपून इतरांच्या मेंदूत उतरवायचं. चहा निवायच्या आत पुस्तक वाचून झाल्याची आठवण तयार. ज्याचं वाचन टिपलं, तो ‘मूळवाचक’.

ही पद्धत शोधणारी केतकी धोंगडे मूळवाचकाच्या घरी गेली. तो तिचाच शेजारी होता.

“हेरंबकाका, अकरावं प्रकरण वाचलंत ना?”

“पानं उलटली,” काका शेंगा फोडत म्हणाले. “म्हटलं, यंत्राला काय कळतंय!”

“अख्ख्या राज्याला कोरी पानं टोचलीत तुम्ही!”

“मग दुसरा वाचक बघ की.”

“मध्येच दुसऱ्याचं वाचन जोडलं तर नावाडिणीचा चेहरा बदलतो. मुलं घाबरतात.”

काकांनी शेंगा बाजूला सारल्या. “वाचन टिपलं, त्याच महिन्यात आई गेली माझी. माझी नावाडीण म्हणजे तीच गं. तीच चिंचोळी हनुवटी. परत मारू तिला?”

“एकदाच, काका. मुलांसाठी.”

काकांनी टिपणटोपी चढवली आणि वाचलं. मध्ये दोनदा चष्मा पुसला. पुस्तक मिटून म्हणाले, “बरं झालं बसवलंस. दवाखान्यात तिचा निरोप घ्यायचा राहिला होता. तो आत्ता घेतला.”

दुरुस्ती सगळीकडे गेली. मुलं रडली, शिक्षण खातं खूश झालं. कुठलंही रोपण केतकी आधी स्वतःवर करून बघायची. तसं हेही केलं होतं.

वर्षभरात केतकीची आई गेली. केतकी तेव्हा परदेशी परिषदेत होती. तेराव्यानंतर घर रिकामं झालं, तेव्हा तिला काकांचं बोलणं आठवलं. तिने कादंबरीची छापील प्रत मिळवली आणि अकरावं प्रकरण काढून बसली.

नदी आली. नाव आली. वल्हं धरलेली बाई पाठमोरी होती. केतकीने आईचा गोल चेहरा, कपाळावरचा देवीचा व्रण, सगळं मनात घट्ट धरून ठेवलं.

बाई वळली. हनुवटी चिंचोळी होती.

तिने पान मागे उलटून पुन्हा वाचलं. पुन्हा तीच. काकांची आई तिच्याकडे मायेने बघत होती.

बाहेर शाळा सुटली होती. पोरं ओरडत घरी निघाली होती, आपापल्या आयांकडे. त्यांच्याही आया कधीतरी जाणार होत्या.

केतकीने पुन्हा पान उलटलं.