तारा ओढून झाल्यावर

गाडी पुन्हा थांबली... तीही कान्ह्याच्या शिवारात, जिथं नजर जाईल तिथवर नुसती पाण्यानं भरलेली भाताची खाचरं. बायकांच्या डब्यात एकच गलका उठला. चंद्रिकेनं कपाळाला हात लावला. तळेगावहून लोणावळ्याच्या मुलींच्या शाळेत शिकवायला ती रोज याच गाडीनं जायची, आणि या आठवड्यात शाळेची प्रार्थना तिला एकदाही गाठता आली नव्हती.

"विजेची गाडी पळवणार म्हणे सरकार," शेजारच्या बाई पानाला चुना लावत म्हणाल्या. "एवढा पैसा ओतलाय रुळांवर, आणि आहे ती गाडी चालेना!"

एकोणतीस सालचा श्रावण होता. मुंबईपासून पुण्यापर्यंत लोखंडी खांब उभे राहत होते, त्यांवर तारा चढत होत्या, आणि शेजारच्या रुळावर तारवाल्यांची शिडीची गाडी उभी असली की येणाऱ्या-जाणाऱ्या साऱ्या गाड्या मुकाट ताटकळत होत्या. आज ती शिडी नेमकी चंद्रिकेच्या खिडकीसमोर होती. वर एक तरणा गडी पाय रोवून उभा होता. अंगातला सदरा पावसानं चिकटलेला, दातांत दोरी धरलेली.

तिला राहवलं नाही. "अहो तारवाले! गाडी आज सुटेल ना? की मुलींना निरोप धाडू, बाई पुढल्या वर्षी येतील म्हणून?"

त्यानं दोरी तोंडातून काढली. खाली बघून हसला. "दोन बोल्ट ऱ्हायल्यात, बाई. या वर! एक तुमी पिळा, एक मी पिळतो. लौकर सुटंल."

सगळा डबा हसला. चंद्रिकेनं खिडकी खाली ओढली खरी, पण काचेवरचं पाणी पुसायच्या निमित्तानं पुन्हा एकदा वर पाहिलंच. आणि तोही पाहतच होता...

त्याचं नाव सोपान. तिथल्याच कान्ह्याचा. घरी आई आणि थोडी भातशेती. हे सगळं चंद्रिकेला थोडं थोडं करून कळत गेलं, कारण गाडी थांबायची काही थांबली नाही. बायकांचा डबा कुठं येतो हे त्याला आता पाठ झालं होतं. गाडी उभी राहिली की तो शिडीवरून उतरून खिडकीखाली यायचा. कधी पानाच्या द्रोणात रानातली कर्टुली, कधी नुसतंच हसू.

"तुमच्या तारांपायी माझी नोकरी जाईल एक दिवस," ती म्हणायची.

"तारा हुईस्तवरच काय ती वळख, बाई. मंग गाडी अशी सुसाट जाईल, की म्या हात केल्याला बी दिसायचा न्हाई."

"न्हाई नव्हे. नाही म्हणावं."

"तुमच्याकडनं मला 'नाही' शिकायचंच न्हाई." तो डोळे बारीक करून म्हणाला. "शिकवायचं तर 'व्हय' शिकवा."

चंद्रिका त्या दिवशी वर्गात तीनदा तोच धडा घेऊन बसली.

भादवा गेला, दसरा गेला. तारा ओढून झाल्या. विजेच्या इंजिनाची पहिली गाडी लोणावळ्यात यायची म्हणून फलाट पताकांनी सजला. शाळेच्या मुली स्वागतगीत म्हणणार होत्या. मुख्याध्यापिका लीलाबाई, शाळाखात्याचे दोन अधिकारी, रेल्वेचे साहेब असे सगळे पुढच्या रांगेत होते. चंद्रिकाही होती. निळं रेशमी पातळ, हातात गुलाबाची परडी. तिचे वडील गंगाधरराव, कचेरीतले कारकून, कोटाची बटणं चाचपत मागं उभे होते.

गाणं संपलं, टाळ्या पडल्या, आणि गर्दीतून वाट काढत सोपान समोर आला. धुतलेलं धोतर, नवा कोट, लाल पटका. त्यानं हाताला धरून एका म्हातारीला आणलं होतं. जाड्याभरड्या हिरव्या लुगड्यातली, अनवाणी. त्याची आई, बयाबाई.

"आये, ह्याच त्या बाई," तो म्हणाला. त्याचा चेहरा नुसता उजळून निघाला होता.

बयाबाईंनी तोंडभर हसून चंद्रिकेच्या गालाकडे हात नेला. "लय ग्वाड हाय गं माजी बाय..."

अधिकाऱ्यांनी माना वळवल्या. लीलाबाईंच्या भुवया वर गेल्या. "चंद्रिका, तुझ्या ओळखीचे आहेत का हे?"

चंद्रिकेला एकदम त्या भेगाळलेल्या टाचा दिसल्या. 'हाय गं' ऐकू आलं. पुढच्या रांगेतलं कुणीतरी हसल्यासारखं वाटलं. आणि तिच्या तोंडून शब्द निघून गेले—

"नाही हो. कुणीतरी रुळावरचं असेल. गाडी थांबली की डब्याजवळ येतात ही माणसं."

बयाबाईंचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो हळूच पदराखाली घेतला.

सोपाननं एकदाच तिच्याकडं पाहिलं. रागावून नव्हे. रागावला असता तर बरं झालं असतं. "चूक झाली, बाई," तो म्हणाला. "दुसऱ्या कुनी वाटल्या." आणि आईला धरून तो गर्दीत दिसेनासा झाला.

विजेची गाडी खरंच सुसाट निघाली. डब्यातल्या बायका खूश होत्या. घरचं आवरून निघायला आता वेळ मिळतो, म्हणायच्या. चंद्रिका प्रार्थनेला रोज वेळेवर हजर राहू लागली. पण कान्ह्याचं शिवार यायचं आणि ती खिडकीला चिकटून बसायची. खांब, खांब, खांब... आणि शिवार मागं पडायचं. आज इंजिन बिघडावं, तार तुटावी, काहीही होऊन गाडी थांबावी, असं त्या भरल्या डब्यात तिला एकटीलाच वाटत होतं.

वर्गात एखादी मुलगी 'न्हाई' म्हणाली की तिच्या कानाच्या पाळ्या तापायच्या. तिची स्वतःची आजी आंबी नावाच्या खेड्यातली. जन्मभर 'न्हाई' आणि 'व्हय' म्हणत गेलेली, अनवाणीच. त्या फलाटावर आपण नक्की कुणाला झिडकारलं, हे कळलं तेव्हा ती भरल्या ताटावरून उठली.

शेवटी ती लीलाबाईंच्या खोलीत गेली. "त्या दिवशी मी खोटं बोलले. ते माझ्या ओळखीचे आहेत. चांगले ओळखीचे."

लीलाबाईंनी चष्मा काढला. "हे बोलून तू नोकरी पणाला लावते आहेस, कळतंय ना?"

"हो."

लीलाबाईंनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मग मला का सांगत बसलीस?" त्या म्हणाल्या. "जिथं सांगायचं तिथं जा. आजची सुट्टी मी देते."

कामशेतला उतरून ती बांधाबांधानं कान्ह्याला पोचली. भाताची झोडणी चालू होती. खळ्यावर सात-आठ बायका, मध्ये बयाबाई. सगळ्यांचे हात थांबले. बयाबाईंचे तेवढे चालू राहिले.

"मी चंद्रिका," ती पुढं होऊन म्हणाली. "फलाटावर तुमच्या मुलाला ओळखत नाही म्हणाले, ती मीच. मी ओळखत होते. सगळ्यांदेखत खोटं बोलले, म्हणून सगळ्यांदेखत सांगते."

बयाबाईंनी पेंढी आपटली. "मला कमी दिसतं व्हय? लांबूनच वळखलं म्या तुला. तू न्हाई वळखलंस, त्याचं काय न्हाई. पर पोरगं घरी येऊन म्हनलं, आये, बाई दुसऱ्याच हुत्या. माज्या लेकराला माज्याशी खोटं बोलाया लागलं. त्ये लागलं मला."

चंद्रिका मान खाली घालून उभी राहिली. मागून पावलं वाजली. सोपान होता, डोक्यावर पेंढ्यांचा भारा. त्यानं तो उतरवला.

"कशापायी आलात?"

"गाडी थांबत नाही आता... म्हणून मीच थांबले."

तो हसला नाही. "त्या दिशी मला राग न्हाई आला, बाई. लाज वाटली. माज्या आईच्या लुगड्याची, तिच्या पायांची. आजवर कदी वाटली नव्हती. ती तुमी दिलीत मला."

चंद्रिकेला डोळ्यांतलं पाणी पुसायचाही धीर होईना. मग बयाबाईच म्हणाल्या, "हुबी काय ऱ्हायलीस? आलीयास तर पेंढी धर."

चंद्रिकेनं पदर खोचला. तिला झोडता येईना. दाणे भलतीकडे उडाले, तळव्यात कुसळ गेलं. बायका हसल्या, तीही रडता रडता हसली. दिवस कलेपर्यंत ती खळ्यावरून हलली नाही.

निघताना ती म्हणाली, "मी घरी आप्पांना आपल्याबद्दल सांगणार आहे. तुम्ही तळेगावला याल?"

"मी न्हाई येनार," सोपान म्हणाला. "येऊ द्या त्यांनाच. हितं."

घरी गंगाधरराव आधी ओरडले, मग नुसतेच येरझारा घालत राहिले. "शिकवलं कशासाठी मी तुला?" एवढंच त्यांनी एकदा विचारलं. "खोटं बोलायला तरी नव्हे ना, आप्पा?" ती म्हणाली, आणि ते खाली बसले. रविवारी त्यांनी कोट चढवला.

कान्ह्यात ते घोंगडीवर अवघडून बसले. बयाबाईंनी नव्या तांदळाचा भात वाढला. बोलणं आधी पावसापाण्याचं झालं, मग शेताचं, आणि शेवटी विषयाला हात घालत गंगाधरराव म्हणाले, "पोरीनं तुमचा अपमान केला. तो अपराध माझ्याच घरचा म्हणायचा. तो पदरात घ्या आणि... तिलाही घ्या."

बयाबाईंनी त्यांच्या पानात आणखी भात वाढला. तेच उत्तर होतं.

सोपान दोघांना पोचवायला कामशेतपर्यंत आला. फलाटावर चंद्रिका त्याच्या शेजारी उभी राहिली. समोर आप्पा होते, येणारेजाणारे बघत होते, आणि ती बाजूला सरली नाही.

"अजून राग आहे?" तिनं विचारलं.

"हाये थोडा."

"थोडा म्हणजे?"

त्यानं विचार केल्यासारखं केलं. "लगीन हुईस्तवर पुरंल."

लांबून भोंगा ऐकू आला. गाडी अगदी वेळेवर होती. गंगाधरराव लगबगीनं पिशवी उचलायला लागले, आणि चंद्रिका वडिलांना म्हणाली, "आप्पा, ही जाऊ दे ना... पुढच्या गाडीनं जाऊ."