मागच्या खोलीतला रेडिएटर

मी जर्मनीत, रोस्टॉकमध्ये ट्राम चालवतो. घटस्फोटानंतर दोन खोल्यांचं घर भाड्यानं घेतलं आणि मागची खोली मेर्लेसाठी, माझ्या मुलीसाठी, ठेवली. शनिवार-रविवार ती माझ्याकडे यायची. नोव्हेंबरात मात्र नळ्यांतल्या गरम पाण्यावर ती खोली तापवणारा रेडिएटर तापेना. त्याची मूठ पाचावर, म्हणजे शेवटच्या आकड्यावर फिरवली तरी लोखंड गारच. मेर्ले कोट घालून झोपली आणि सर्दी घेऊन आईकडे परत गेली.

"हेनिंग, तुला ट्राम वेळेवर नेता येते, पोरीची खोली गरम ठेवता येत नाही," तिची आई वीब्के फोनवर म्हणाली.

"प्लंबर पुढच्या महिन्यात येतोय."

"मग मेर्लेही पुढच्या महिन्यात येईल."

शनिवारी सकाळी मी स्वतःच पाना घेऊन बसलो.

बिघाड तसा साधाच असतो. मुठीखाली एक बारीक पिन असते. ती आत दाबली की गरम पाणी बंद, बाहेर आली की सुरू. आतली स्प्रिंग तिला सतत बाहेर ढकलत असते, पण कधी कधी ती आत अडकून बसते. मी कडं सैल करून मूठ काढली. पिन रुतलेलीच होती. तेलाचा थेंब सोडला, कडेनं पान्याचे हलके टोले दिले. टक्कन ती बाहेर उसळली. नळीत पाणी खळखळलं. मी एकटाच हसलो.

मग ती परत आत गेली.

सावकाश. कोणी अंगठ्यानं दाबावी तशी. पाणी थांबलं.

स्प्रिंग ढकलते, ओढत नाही. मी पकडीनं पिन हळूच बाहेर ओढली. सोडली, तर पुन्हा आत. पुन्हा ओढली. पिनेच्या टोकापुढे मी बोट धरलं. तिथली हवा बर्फासारखी होती. खिडकीत लख्ख ऊन होतं, खालून कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

मी पक्कड खाली ठेवली.

"हे बघ," मी म्हणालो. कोणाला, ते मला माहीत नाही. "माझी पोर इथं झोपते. तिला थंडी वाजते."

बराच वेळ काहीच झालं नाही.

मग पिन बाहेर आली आणि बाहेरच राहिली.

खोली तापली असं मी फोनवर कळवलं, तेव्हा संध्याकाळी वीब्के मेर्लेला घेऊन आली. सरळ मागच्या खोलीत गेली, रेडिएटरवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला.

"भाजलं की. प्लंबर आला होता?"

"मीच केलं."

"तू?" तिनं मला खालून वर पाहिलं. "बरं. उद्या संध्याकाळी नेते तिला."

त्या रात्री मेर्ले पांघरूण लाथाडून झोपली. मी दारात उभा राहून बघत राहिलो. वर्षभरात इतका ताठ कधी उभा राहिलो नव्हतो. सगळा हिवाळा ती येत राहिली.

मे महिन्यात इमारतीच्या नळ्या बदलायला काढल्या. कामगारांनी सगळं पाणी काढून टाकलं, मुठीही काढून नेल्या. रविवारी सकाळी मी मेर्लेला उठवायला गेलो. रेडिएटरला पाठ टेकवून ती गाढ झोपली होती. मी लोखंडाला हात लावला. ते कोमट होतं, माणसाच्या अंगाइतकं.

उघडी पिन हळूच आत जात होती, हळूच बाहेर येत होती. आधी वाटलं, मेर्लेच्या श्वासाबरोबर. मग नीट ऐकलं. मेर्लेचा श्वास वेगळा होता.