हळू आलेला न्यूट्रॉन

मुकुंदवाडीच्या चौकात टेम्पो बंद पडला आणि मागच्या भांड्यातून पांढरा धूर निघायला लागला, तशी माणसं झटकन मागं सरली. सुगंधा मात्र पुढं गेली.

“द्रव नायट्रोजन ना?”

भांड्याला मिठी मारून बसलेला तरुण चकित झाला. “व्हय. शेंद्र्याच्या कारखान्यातून आणलाय. विद्यापीठात न्यायचाय, भौतिकशास्त्रात.”

“मग चला. मी तिथंच संशोधनाला रुजू होतेय.”

श्रावणाची भुरभुर सुरू होती. रिक्षात भांडं मधोमध धरून दोघं बसली. भांड्यातनं निघणाऱ्या धुक्याआडून तो तिच्याकडं बघायचा, तिनं पाहिलं की रस्त्याकडं बघायचा...

तो त्रिंबक, वैजापूरच्या कांदा व्यापाऱ्याचा मुलगा. एखादा धातू न्यूट्रॉन किती सहज गिळतो, हे तो मोजत होता. धातूची चकती न्यूट्रॉनच्या स्रोतापाशी ठेवायची, मग तिच्यातून निघणारे गॅमा किरण डिटेक्टरनं टिपायचे. तो डिटेक्टर नायट्रोजननं सतत गार ठेवावा लागे.

“जोरात आलेला न्यूट्रॉन निसटून जातो,” एकदा पडद्यावरच्या रेघेकडं पाहत तो म्हणाला. “हळू आला, की टंगस्टन त्याला धरून ठेवतं.”

“म्हणून तुम्ही इतकं हळू बोलता व्हय?”

त्याचे कान लाल झाले. तिचेही — स्वतःच्याच धिटाईनं.

न्यूट्रॉनचा उसना आणलेला स्रोत परत जायचा होता, त्याच आठवड्यात ते घडलं. नायट्रोजन भरायचं काम सुगंधाकडं होतं. चुलतबहिणीच्या साखरपुड्यासाठी गुलमंडीवर साड्या बघता बघता ती साफ विसरली. सकाळी डिटेक्टर कोमट! त्रिंबकची शेवटची चकती तयार होती, तिचे किरण तासातासाला ओसरत होते. आणि डिटेक्टर पुन्हा गार व्हायला काही दिवस लागणार होते; तोवर मोजण्याजोगं काही उरणार नव्हतं.

“भरायचं कोणाकडं होतं?” दोघांचे मार्गदर्शक सर कडाडले.

“त्रिंबककडं...” तिच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं तिच्याकडं एकदाच पाहिलं. “चुकलं, सर,” एवढंच म्हणाला.

दुपारी त्यानं रोजच्यासारखा तिच्यासाठी चहा मागवला. तिनं तो तसाच गार होऊ दिला. घरी आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणाली, आणि भिंतीकडं तोंड करून पडली. आपण एवढ्या भित्र्या आहोत, हे तिला ठाऊकच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर तिनं सरांना खरं सांगितलं. सरांनी तिला पुढच्या प्रयोगातून काढलं. ती खाली मान घालून बाहेर आली. त्रिंबक मागोमाग आला आणि कडुनिंबाखालच्या कट्ट्यावर बसला.

“तुम्ही का गप्प बसलात?” तिचा आवाज फुटला. “एवढा मोठेपणा दाखवला... मला मान वर करता येईना.”

“मोठेपणा कसला?” तो कसनुसा झाला. “लाज तर मला वाटतीय. सरांनी रागावून तुम्हाला काढलं असतं, तर तुम्ही आला नसता. मला ते... लई अवघड गेलं असतं. नुसता स्वार्थ होता माझा.”

मग ती अगदी हळू म्हणाली, “मलाही तुम्ही आवडता. पण आधी माफ करा.”

“माफीचं उद्या बघू. आज नुसतं बसा शेजारी.”

ती बसली. त्यानं बिचकत तिचा हात धरला. मान तिनं वर केली नाही. हात मात्र काढून घेतला नाही.