तीन वर्षांच्या आतलं डाळिंब

२०१९ सालची गोष्ट. संक्रांत नुकतीच झाली होती. कळंबची अश्लेषा, शेतकीची पदवी घेतलेली आणि जिभेला धार असलेली पोर, बारामतीच्या मार्केट यार्डात डाळिंबाचे क्रेट उतरवून घेत होती. चष्मा पुसत एकजण पुढे आला.

"फांदीसकट मिळेल का डाळिंब? पानंही हवीत."

"शेळीला घालायचीत व्हय?"

तो हसला. असा हसला, की तिच्या हातातला क्रेट तिरका झाला...

"मुलांना दाखवायचीत. मी रूबेन आवासकर. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. पुण्यात आमच्या सिनेगॉगमध्ये मी मुलांना बायबलातली झाडं आणि जेवण शिकवतो. गहू, जव, द्राक्षं, अंजीर, डाळिंब, ऑलिव्ह, खजूर. सोमवारी आमचा झाडांचा सण आहे."

"ऑलिव्ह सोडलं तर सगळं हितंच मिळतंय की! चला मळ्यात, पाहिजे ती फांदी देते."

मळ्यात तिनं स्वतः लावलेल्या झाडाचं पहिलंवहिलं डाळिंब फोडलं. दाणे ओंजळीत धरून पुढे केले. रूबेननं हात पुढे केला, आणि थबकला.

"झाड किती वर्षांचं?"

"दोन."

त्यानं हात मागे घेतला. अश्लेषाचा चेहरा उतरला. रस बोटांवरून मनगटापर्यंत आला, तरी तिनं ओंजळ मोडली नाही.

"आमच्या आज्यानं मेंढरं राखली. हातचं चालत नसंल तर सरळ सांगा."

"अहो, नाही हो! झाडाची पहिली तीन वर्षं फळ खायचं नाही, असं आमच्यात आहे. तुमच्या हातचं..." त्यानं मळ्यातल्या घराकडे पाहिलं. "भाकरी आहे का घरी?"

तिच्या आईनं, सारजाबाईंनी, पिठलं-भाकरी नि ठेचा वाढला. गडी तीन भाकरी जेवला. डोळ्यांतून धारा, तरी म्हणे, "अजून वाढा."

"पुरं आता," अश्लेषा हसू दाबत म्हणाली. "पटलं मला."

सोमवारी ती वडिलांना, आप्पांना, घेऊन सणाला पुण्यात रूबेनच्या घरी गेली. रूबेनच्या आईनं एलियाहू नबीच्या, म्हणजे त्यांच्या प्रेषिताच्या, नावानं केलेला गोड पोह्यांचा, खोबऱ्याचा मलिदा दिला. भोवती फळं मांडलेली. आप्पा चपला घालेपर्यंत रूबेन दाराशी घुटमळत होता.

"त्या झाडाचं चौथं वर्ष लागलं, की येईन मी... तोवर थांबाल?"

"थांबायचा नेम झाडाला हाय," ती म्हणाली, "आप्पांशी बोलायला न्हाय."

कानापर्यंत लाल होऊन तो आप्पांकडे वळला.

आप्पांनी आठ महिने घेतले. भावकीतले काहीजण लग्नाला आले नाहीत, ते पुढे बारशाला आले. अश्लेषा आजही कळंबचा मळा बघते, रूबेन दर रविवारी पुण्याला शिकवायला जातो. त्याची आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्या साली सणाला मलिद्याचं ताट सारजाबाईंनी भरलं, आणि प्रार्थनेत एलियाहू नबीचं नाव निघालं तसा डोक्यावरचा पदर सारखा केला.