राखून ठेवलेली खुर्ची

रविवारी दुपारी बून तेक ऑफिसात निघाला तो फक्त आपला कोट आणायला. बायकोला त्यानं तसंच सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

"अंघोळीच्या आत ये," सिऊ एंग म्हणाली. "तुझ्याशिवाय पाण्यात बसत नाही ती हल्ली."

ती म्हणजे हुई, त्यांची पाच महिन्यांची लेक. बून तेकनं मान डोलावली आणि पट्ट्या गुंडाळलेली बोटं खिशात लपवली.

त्या कोटाचं आधी सांगायला हवं. बून तेक ज्या बँकेत होता, तिथं मोठाल्या कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचे सौदे जुळवत. काम संपलं म्हणून तिथून कुणी घरी जात नसे. साहेब उठले की मग जात. आणि साहेब, मिस्टर येओ, यांना उठायची कधीच घाई नसायची. बिचाऱ्यांची घरी कुणी वाट पाहत नसावं. हुईच्या जन्माच्या दिवशीसुद्धा बून तेक फोनवर बायकोला म्हणाला होता, "एवढं संपवतो, आलोच." तो पोचला तेव्हा पोरगी दुपट्यात गुंडाळून झोपली होती. सिऊ एंग म्हणाली, "तुझ्या थडग्यावर हेच कोरून घेते बघ."

ते त्याला लागलं. मग त्यानं तिथल्या पोरांची जुनी युक्ती धरली. कोट दोन ठेवायचे, एक अंगावर, एक खुर्चीवर. खुर्चीवर कोट दिसला की साहेब समजतात, माणूस इथंच कुठंतरी आहे. सहाला सटकायचं, सातला लेकीच्या टबापाशी. पण ऑफिसात खुर्च्या कुणाच्याच नावावर नव्हत्या. दोनदा कुणीतरी त्याचा कोट बाजूला सारून खुशाल बसलं. तेव्हा त्यानं हॉकर सेंटरमधली, म्हणजे खाऊगल्लीतली रीत वापरली. जेवायला गेलं की आपण आधी टेबलावर टिश्यूचं पाकीट टाकतो आणि निर्धास्त रांगेत उभे राहतो. मग त्या जागेला कुणी हात लावत नाही. कोट पाठीवर टांगून बून तेकनं निळं पाकीट खुर्चीच्या बैठकीवर ठेवलं.

"सातव्या महिन्यात?" शेजारी बसणारी नूरैनी म्हणाली. "तुमच्या चिनी लोकांच्याच भुतांचा महिना ना हा? आमच्या इमारतीखाली रोज त्या भुतांसाठी गाणी चालू आहेत, आणि पहिली रांग त्यांच्यासाठी रिकामी. तू तर इथं खुर्चीच राखून ठेवलीस. कुणासाठी, ते तरी सांगून टाक."

"जो काम करेल त्याच्यासाठी!" बून तेक हसत म्हणाला, आणि पिशवी उचलून पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचं अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेलं होतं. आकडे जागच्या जागी, कुठं चूक नाही. मिस्टर येओंनी जाता जाता खांद्यावर थाप मारली. "काल खुर्चीतून हलला नाहीस. असा माणूस पाहिजे."

बून तेकनं नूरैनीचे आभार मानले.

"मी कशाला करू? मी काय तुझी आया आहे?" ती फणकारली, आणि मग खाली बघत म्हणाली, "तू गेल्यावर परत आलास ना... शेजारी बसला होतास. बोलत मात्र नव्हतास. आणि जळक्या कागदाचा वास येत होता तुझ्या अंगाला. देवळात पितरांसाठी कागदी नोटा जाळून आला होतास का?"

त्याच वेळी पाकीट उचलायला हवं होतं. कुणीही शहाण्यानं उचललं असतं. पण आयतं मिळालेलं सोडवत नाही माणसाला, आणि संध्याकाळी सातला लेक एवढ्याशा मुठीत त्याचं बोट धरून पाण्यात पाय आपटायची. बून तेक इतका सुखी कधीच नव्हता. त्यानं पाकीट तिथंच राहू दिलं.

भटाला दिली ओसरी, तसंच झालं. येओ दुप्पट काम देऊ लागले, तेही होऊ लागलं. मात्र बून तेकची बोटं दुखायला लागली. घरी नुसतं बसलं तरी शेंडे ठणकायचे, कातडी तडकायची. गुरुवारी हुईच्या डोक्यावर पाणी घालताना त्याच्या अंगठ्याचं नख मुळापासून सुटलं आणि टबात पडलं. पाणी लाल झालं. पोरगी हसत त्या पाण्यावर हात मारत होती.

"अरे, काय करून घेतलंयस हे?" सिऊ एंग ओरडली. "सहालाच निघतोस ना तू तिथून? मग हात कोण झिजवतंय तुझे?"

काम ते करत होतं, झिजत मात्र हा होता. हे त्याच्या ध्यानात आलं. असंच चाललं तर लेकीला धरायला हातच उरायचे नाहीत.

म्हणून रविवारी तो आला. सुट्टीच्या दिवशी इमारतीतली थंड हवा बंद असते. सबंध मजला कोंदट झाला होता, गालिचाचा शिळा वास मारत होता. बाहेर लख्ख ऊन होतं, खाडीत बोटी फिरत होत्या. आणि आत, पार टोकाला, कुणीतरी टाइप करत होतं. टक टक टक... न थांबता.

कोटाची पाठ त्याच्याकडे होती. खांदे भरलेले होते. बाह्यांच्या टोकातून टेबलावर काहीतरी काळपट ठिबकत होतं.

"ऊठ..." बून तेक कसाबसा म्हणाला. "जागा माझी आहे ती."

"राखलीस तूच," कोट म्हणाला. आवाज हुबेहूब त्याचा. "एवढं संपवतो..."

सौदा पार पडला की बँक काचेचा जड ठोकळा देते, शोभेचा. टेबलावर तसे चार होते. बून तेकनं एक उचलला आणि दोन्ही हातांनी त्या डोक्यावर हाणला. कवटी फुटल्याचा आवाज झाला, आणि फुटलं ते त्याचं स्वतःचं कपाळ. रक्त डोळ्यांत उतरलं. त्यानं पुन्हा हाणला. त्याच्याच बरगडीत काहीतरी मोडलं, तोंडात दात सुटा झाला. टाइप करणं थांबेना. तेव्हा तो गुडघ्यांवर पडला आणि त्या बसलेल्या मांड्यांखाली हात घातला, पाकीट ओढायला. मांड्या बर्फासारख्या गार होत्या. त्यांनी हात चेंगरला. एक बोट कडकन मोडलं, मग दुसरं. लेकीचं नाव घेत, गुरासारखा ओरडत त्यानं हात हिसडला आणि पाकीट बाहेर निघालं.

टक टक थांबली. "झालं माझं काम," त्याचाच आवाज म्हणाला, दमलेला, सुटका झाल्यासारखा. "आता घरी..."

कोट रिकामा होऊन खाली गळून पडला.

बून तेक तिथंच बसून रडला. जिंकलो असं त्याला वाटलं. कोटाचा बोळा त्यानं कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. पाकीट मात्र सापडेना. आत्ता तर हातात होतं! टेबलाखाली पाहिलं, गालिचावर चाचपडलं. सूर्य कलायला लागला तसा त्यानं नाद सोडला. लेकीची अंघोळ चुकवायची नव्हती.

रक्तानं भिजलेल्या माणसाला कुणी टॅक्सीत घेईना. लंगडत तो तोआ पायोला आपल्या घराशी पोचला तेव्हा इमारतीखाली गाणी सुरू झाली होती आणि पहिली रांग रिकामी होती. त्यानं दार वाजवलं.

सिऊ एंगनं दार उघडलं. खांद्यावर हुईचा कोरडा टॉवेल होता. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.

"तू..." ती कुजबुजली. "तू तर केव्हाच आलास ना? मग आत तिला अंघोळ..."

न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत होता. हुई हसत होती, पाय आपटत होती. घरभर जळक्या कागदाचा वास होता. न्हाणीच्या दाराला आतून कडी होती. बून तेक रोज ज्या बुटक्या स्टुलावर बसायचा ते बाहेर काढून ठेवलेलं होतं आणि त्याच्यावर निळं पाकीट होतं. पाकिटावर त्याच्याच अंगठ्याचा रक्ताचा ठसा होता, नखाशिवायचा.

त्यानं मोडक्या हातानं दार ठोठावलं. खांदा मारला. पुन्हा मारला.

हुईचं हसणं थांबलं.

"एवढं संपवतो," आतून त्याचाच आवाज म्हणाला, "आलोच."